बुद्धिमंताचे काय सलते?

बुद्धिमान माणसाचे दुरून कौतुक होते. बरोबरीच्यांना मात्र तो सलतो. मत्सर हे त्याचे कारण चटकन सुचते, पण ते अपुरे आहे.

गॅलिलिओचेच पाहा. १६११ साली तो रोमला आला, तेव्हा येशूसंघीयांच्या रोमन महाविद्यालयातील गणितज्ञांनी त्याची दुर्बिणीची निरीक्षणे खरी ठरवून त्याचा समारंभपूर्वक गौरव केला. बुद्धीने तो तेव्हाही मोठाच होता. १६१८ साली धूमकेतू दिसले. ते चंद्रापलीकडचे आहेत, असे त्याच महाविद्यालयातील फादर ओराझिओ ग्रासी यांनी मांडले. गॅलिलिओने ते खोडून तर काढलेच. शिवाय १६२३ सालच्या ग्रंथात ग्रासींची यथेच्छ रेवडी उडवली. (या वादात सत्याच्या अधिक जवळ ग्रासीच होते, हे आज आपण जाणतो!) दाखवलेली चूक माणूस एक वेळ विसरेल; चारचौघांत झालेले हसे विसरत नाही.

१६३३ च्या खटल्याची कारणे अनेक होती. ती या एका वैरात शोधणे बरे नव्हे. येशूसंघीयांचे जुने पाठबळ मात्र तेव्हा त्याच्यामागे उरले नव्हते.

मग सारा दोष बुद्धिमंताचाच का? तसेही नाही. दुखावलेला अहंकार आपल्या दुखण्याला तत्त्वनिष्ठा म्हणू लागतो आणि समोरचा खरे बोलला तरी ते ऐकू येत नाही. खटल्यानंतर ग्रासींनी एका पत्रात गॅलिलिओच्या विपत्तीबद्दल मनापासून खेद व्यक्त केला. स्वतःच्या बुद्धीवर भाळून त्याने आपला घात करून घेतला, असेही त्याच पत्रात लिहिले. त्या ग्रंथाला तेव्हा दहा वर्षे झाली होती.