उणीव कोणाची?

ज्ञानाकडे येणाऱ्या माणसाजवळ ते ग्रहण करण्याची ठरावीक साधने नसतील, तर ती उणीव त्या माणसाची मानावी की ज्ञान ज्या रूपात मांडले आहे त्या रूपाची, हा प्रश्न भारतीय तत्त्वचिंतनात अधिकारविचार, म्हणजे अमुक विद्येस पात्र कोण याचा विचार, म्हणून फार पूर्वीपासून चर्चिला गेला आहे. ब्रह्मसूत्रांतील अपशूद्राधिकरणावर भाष्य करताना शंकराचार्यांनी शूद्रांना वेदाध्ययनाचा अधिकार नाकारला. मात्र इतिहास-पुराणे ऐकण्याची मुभा चारही वर्णांना असल्याचे तेथेच नोंदवले. मुख्य दार मोजक्यांना आणि बाजूचे दार इतरांना, अशी ही व्यवस्था होती.

या व्यवस्थेला सर्वांत खोल उत्तर आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेकाठच्या नेवाशात, शके १२१२ मध्ये म्हणजे इ.स. १२९० मध्ये दिले गेले. ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी गीतेचे निरूपण केले असे वारकरी परंपरा मानते, तो पैसाचा खांब तेथे आजही आहे. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात ज्ञानदेव वेदालाच कृपण ठरवतात, कारण तो तीनच वर्णांच्या कानी लागला. स्त्री-शूद्रादिकांना वंचित ठेवण्याचे हे उणेपण फेडण्यासाठीच तो गीतेच्या रूपाने सर्वांना सेव्य झाला, असे त्यांचे म्हणणे आहे. दोष येथे ऐकणाऱ्याकडून देणाऱ्याकडे सरकतो, आणि हेच या विचाराचे मोठेपण होय. शिवाय गीतेच्या सातशे श्लोकांवर सुमारे नऊ हजार ओव्या रचणाऱ्या ज्ञानदेवांनी मराठी श्रोत्याला उरलेसुरले किंवा सोपे करून पातळ केलेले काही दिले नाही.

आजच्या संकेतस्थळांपुढे हाच प्रश्न तांत्रिक वेशात उभा आहे. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत घडवलेली जावास्क्रिप्ट ही भाषा ब्राउझरमध्ये चालते आणि पान हलते-बोलते करते. परंतु अनेक संकेतस्थळे आता वाचकाकडे केवळ रिकामा सांगाडा पाठवतात आणि सगळा मजकूर या स्क्रिप्टकडून भरून घेतात, त्यामुळे ती न चालल्यास पडदा पांढराच राहतो किंवा ‘जावास्क्रिप्ट सुरू करा’ एवढीच सूचना दिसते. ही सूचना म्हणजे अधिकार नाकारणेच आहे, फक्त सौम्य शब्दांत.

ज्याच्याकडे स्क्रिप्ट चालत नाही असा वाचक हटवादी असतो, हा समज चुकीचा आहे. ब्रिटनच्या सरकारी डिजिटल सेवा विभागाने २०१३ साली केलेल्या मोजणीत सुमारे १.१ टक्के भेटींमध्ये स्क्रिप्टचा लाभ मिळाला नाही; त्यांपैकी ती बंद ठेवणारे किंवा ती न चालवू शकणारा ब्राउझर वापरणारे एकूण भेटींच्या ०.२ टक्केच होते, उरलेल्यांना सोय असूनही ती लाभली नव्हती. अकोले तालुक्यातील डोंगरात जेथे मोबाइलची रेंज मध्येच जाते, तेथे मजकूर पोहोचावा आणि स्क्रिप्ट वाटेत अडकावी, हे सहज घडू शकते. सुरक्षिततेसाठी किंवा आपल्यावर पाळत राहू नये म्हणून जो ती जाणूनबुजून बंद ठेवतो, त्याच्याकडेही हेतूचा खुलासा मागण्याचे कारण नाही.

अशा वाचकांसाठी निराळे, तुटपुंजे पान करून ठेवणे म्हणजे पुन्हा बाजूचे दारच होय. त्याऐवजी २००३ पासून ‘क्रमिक संवर्धन’ या अर्थाच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत मजकूर, दुवे आणि अर्ज साध्या एचटीएमएलमध्ये आधी पूर्ण उभे करते आणि स्क्रिप्ट वरून चढवते. साध्या अर्जाचे ‘सादर करा’ हे बटण स्क्रिप्टविनाही भरलेली माहिती सर्व्हरकडे नेते, सर्व्हर ती तपासतो आणि राहिलेल्या रकान्याचे नाव लिहून पूर्ण पान परत पाठवतो; वाचकाला थोडे थांबावे लागते, पण त्याचे काम होते. यात दुप्पट श्रम पडतात हा आक्षेप पान आधी स्क्रिप्टवर उभारून मग डागडुजी करणाऱ्यांच्या बाबतीत खरा आहे. पायापासून सुरुवात करणाऱ्याला तो तितका लागू पडत नाही.

काही गोष्टी मात्र स्क्रिप्टविना खरोखरच होत नाहीत; जमिनीच्या नकाशावर बोट फिरवून गट शोधणे हे त्यांतले एक. तेथे गट क्रमांक टाकून उतारा मिळवण्याचा साधा अर्ज त्याच पानावर असावा, आणि तेही शक्य नसेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयाचा पत्ता व वेळ स्पष्ट लिहिलेली असावी.