पायांना सुट्टी

पडेगावात पाहुणे उतरले की गाडी आपसूक दौलताबादकडे वळते. तरणी मंडळी किल्ला चढतात, गुडघेदुखीची आजी पायथ्याशी पिशव्या सांभाळत बसते. याला सहल म्हणायचं तरी कसं?

त्यापेक्षा कधी पैठण गाठावं. गोदावरीवरचं जायकवाडी धरण 1976 साली पुरं झालं आणि अवर्षणाच्या मुलखात नाथसागर पसरला. हा जलाशय बराच उथळ. काठच्या गाळात किडे, शिंपले, पाणवनस्पती भरपूर, म्हणून हिवाळ्यात परदेशी बदकं येतात, रोहितही उतरतात. 1986 पासून हे पक्षी अभयारण्य आहे. पक्षी बघायला पाय लागत नाहीत. लागते दुर्बीण, एक खुर्ची आणि गप्प बसण्याची तयारी. (शेवटची गोष्ट आपल्याकडे दुर्मीळच.)

ऊन चढलं की गावात हातमागापाशी जाऊन बसावं. विणकर छोट्या तिल्ल्यांवरचे रंगीत धागे एकमेकांत अडकवत पदरावरचा मोर उभा करतो. हातमागाची पैठणी उलटसुलट सारखीच दिसते, मागे सुटे धागे लोंबत नाहीत. तासाभरात पदर जेमतेमच सरकतो. तेवढ्यात आजीचे विणकराला दहा प्रश्न विचारून झालेले असतात.