शेवटच्याचा विसावा

मृगाच्या सरी येऊन गेल्या, सह्याद्रीचे कडे हिरवे झाले, की शनिवार-रविवारच्या सुट्टीत डोंगराकडे निघणाऱ्यांची संख्या वाढू लागते. महाविद्यालयातील मित्रमंडळे, कचेरीतील सहकारी, धर्मग्रामांतील युवकांचे गट, क्वचित आजोबांपासून नातवंडांपर्यंतची सबंध कुटुंबे पाठीवर पिशव्या अडकवून घाटवाटा चढताना दिसतात. ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु एकट्याने डोंगर चढणे आणि गटाने चढणे यांत मूलभूत फरक आहे. एकटा चढतो तेव्हा प्रश्न शक्तीचा असतो. गट चढू लागला की तो न्यायाचाही होतो. वीस माणसांची पावले सारखी पडत नाहीत. मग सर्वांनी कोणाच्या पावलाने चालावे?

हरिश्चंद्रगडाचे उदाहरण घेऊ. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात सुमारे १,४२४ मीटर उंचीचा हा गड उभा आहे. पाचनईची वाट त्या मानाने सोपी. खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे जाणारी वाट लांब आणि दमछाक करणारी. खिंडीच्या वर काळ्या कातळाचा चढ लागतो आणि तेथे आधाराला लोखंडी कठडे आहेत. पावसाळ्यात हा सारा परिसर धुक्याने वेढलेला असतो. झाडांच्या खोडांवर, दगडांच्या फटींत, कातळाच्या पाझरत्या अंगावर शेवाळाचे मऊ थर चढतात. उन्हाळ्यात करडे पडून मेल्यासारखे दिसणारे हे शेवाळ पहिल्या पावसाबरोबर पुन्हा हिरवे होते. त्याला खरी मुळे नसतात. अंगानेच ते पाणी शोषून घेते आणि उघड्या दगडावर मातीचा पहिला कण धरून ठेवते. पाहणाऱ्याला ते सुंदर वाटते. चढणाऱ्याचा पाय मात्र त्याच्यावरूनच घसरतो.

अशा वाटेने चालणाऱ्या गटाचे थोडे निरीक्षण करावे. पुढचे चार-पाच तरुण झपाझप चढून एखाद्या सपाटीवर पोचतात. तेथे ते बसतात, पाणी पितात, गप्पा मारतात. मधले लोक येऊन मिळतात. वीस मिनिटांनी शेवटचा माणूस धापा टाकीत वर येतो. तो पन्नाशी ओलांडलेला असेल, गुडघा दुखणारी एखादी भगिनी असेल किंवा शरीराने दुबळा असा एखादा मुलगा असेल. तो दिसताच पुढचे उठतात, कपडे झटकतात आणि म्हणतात, ‘चला, आले सगळे, निघू या.’ त्यांच्या मनात काडीइतकाही दुष्टपणा नसतो. उलट, आपण थांबलो याचे त्यांना समाधानच असते. परंतु हिशेब काय झाला? ज्याला विश्रांतीची गरज सर्वांत कमी, त्याला ती वीस मिनिटे मिळाली. ज्याला सर्वांत अधिक, त्याला ती मिळालीच नाही. दिवसभर असेच चालले, तर दुबळा अधिक दुबळा होत जातो, आणि सायंकाळी सगळे म्हणतात, ‘याला झेपत नव्हते, तर आला कशाला?’

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. पुढचा आणि मागचा एकाच डोंगरावर चालतात असे आपण म्हणतो, ते पूर्णपणे खरे नाही. पुढच्याचा पाय न तुडवलेल्या वाटेवर पडतो. त्याच्या मागून एकोणीस जोडी पावले जातात. शेवाळ सोलवटते, खालची माती उघडी पडते, तिचा चिखल होतो, दगड निसटू लागतात. शेवटच्याच्या वाट्याला येतो तो हा चिखल. म्हणजे ज्याचा तोल सर्वांत कच्चा, त्याची वाट सर्वांत निसरडी. आणि ती तशी केली पुढे गेलेल्यांनी, नकळत, केवळ पुढे गेल्यामुळे. म्हणून मागे राहणारा केवळ स्वतःच्या उणिवेमुळे मागे राहतो, हा समज तपासून पाहण्याजोगा आहे.

यावर एक रास्त आक्षेप येईल. पुढच्यांनाही हक्क आहेत. भिजलेल्या कपड्यांनी वाऱ्यात ताटकळत बसल्यास अंगातील उष्णता झपाट्याने कमी होते आणि त्यातून जीवावर बेतू शकते. धुक्यात अंधार लवकर दाटतो. एकासाठी वीसजणांना संकटात टाकणे ही दया नव्हे, अविचार होय. आक्षेप खरा आहे, म्हणूनच त्याचे उत्तर भावनेने न देता व्यवस्थेने द्यावे लागते. परतण्याची वेळ निघण्यापूर्वीच ठरवावी. पुढे वाटाड्या असावा तसा सर्वांच्या मागे एक जाणता, धीराचा माणूस असावा. विसावा शेवटचा माणूस बसल्यापासून मोजावा. पुढच्यांना थंडी वाजत असेल, तर त्यांनी वेग कमी करावा म्हणजे थांबावेच लागणार नाही. आणि ज्याला खरोखर झेपत नाही, त्याला कोणी सोबतीला देऊन खाली न्यावे. ‘तू येथेच बस, आम्ही येतो’ असे म्हणून त्याला धुक्यात एकटा ठेवू नये. ज्याचे शिखर हुकेल त्याला ती हानी वाटेल. परंतु शिखर उद्याही तेथेच असते.

हा प्रश्न जगातील सर्वोच्च शिखरावरही उभा राहिला आहे. मे २००६ मध्ये एव्हरेस्टच्या उत्तरेकडील वाटेवर डेव्हिड शार्प हा ब्रिटिश गिर्यारोहक मरणासन्न पडला होता. अनेकजण त्याच्या जवळून गेले. काहींनी मदतीचा प्रयत्न केला, पण तो वाचला नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, त्याच वाटेवर, मृत समजून मागे ठेवलेला ऑस्ट्रेलियाचा लिंकन हॉल डॅनियल मेझर आणि त्याच्या साथीदारांना जिवंत आढळला. शिखर फार दूर नव्हते. त्यांनी त्याला प्राणवायू व पाणी दिले, मदत येईपर्यंत ते थांबले आणि शिखर न गाठताच परतले. हॉल वाचला. इतक्या उंचीवर कोणी कोणाला वाचवू शकेलच असे नाही, आणि खाली बसून तेथील माणसांचा न्याय करणेही सोपे आहे. परंतु मेझरच्या गटाने शिखर आणि माणूस यांची तुलना करून निवड केली, एवढे निश्चित.

जॉन रस्किनने १८६२ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकाला ‘अन्टू धिस लास्ट’ हे नाव दिले. द्राक्षमळ्यात शेवटच्या तासाला आलेल्या मजुरालाही पूर्ण मजुरी देणाऱ्या मालकाच्या शुभवर्तमानातील दाखल्यातून ते घेतलेले आहे. १९०४ साली दक्षिण आफ्रिकेत आगगाडीच्या प्रवासात गांधीजींनी ते वाचले आणि पुढे ‘सर्वोदय’ या नावाने गुजरातीत त्याचा सारांश केला. सर्वांचा उदय हवा असेल, तर मोजणी शेवटच्यापासून सुरू करावी लागते, हे त्या दोघांनाही उमगले होते.

वाचकांनी हा विचार डोंगरावरच ठेवू नये. आपल्या घरांत सर्वांना वाढून झाल्यावर आई जेवायला बसते, आणि ती पहिला घास घेते तेव्हा बाकीचे हात धुवायला उठतात. तिला कोणी उपाशी ठेवलेले नाही. पण तिच्यासोबत कोणी बसलेलेही नाही. वर्गात हुशार मुलांचे गणित सुटले की फळा पुसला जातो. सभेत बोलक्यांचे बोलून झाले की ठराव संमत होतो. आपण सर्वांसाठी थांबलो होतो, असे तेथेही प्रत्येकाला प्रामाणिकपणे वाटत असते. परंतु कोणाची वाट पाहणे आणि त्याला विसावा देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीसाठी शिष्टाचार पुरतो. दुसरीसाठी, दमलेला माणूस येऊन बसल्यानंतरही आपण थोडा वेळ बसून राहावे लागते.