उरलेलं रक्त

वापीहून सिल्वासाला जाताना आधी दादरा लागतं. रस्त्याच्या आजूबाजूला सुताच्या, प्लास्टिकच्या कंपन्या आणि पाळी सुटलेले कामगार. त्यांतले कितीतरी दूरच्या गावांहून पोटासाठी आलेले. यांतला एक जण खोलीवर मरून पडलेला सापडला, असं मनात आणा. त्याला नाव देऊ नका, मरणाचं कारणही ठरवू नका. शवविच्छेदन झालं, देह गावाकडे रवाना झाला. मागे राहिलं ते लाखेनं सील केलेल्या बाटलीतलं थोडं रक्त. त्या रक्तापाशी जरा थांबूया.

हे रक्त शक्यतो मांडीच्या शिरेतून घेतात. मृत्यूनंतर जठरातलं, यकृतातलं औषध झिरपत हृदयाजवळच्या रक्तात उतरतं आणि आकडा फुगतो, म्हणून ही काळजी. बाटलीत सोडियम फ्लोराइडही घातलेलं असतं. ते नसेल तर जिवाणू रक्तातल्या साखरेपासून अल्कोहोल बनवू शकतात, आणि आयुष्यात दारूला न शिवलेला माणूस कागदावर दारुडा ठरू शकतो. यावर क्षणभर विचार करा. मेलेला माणूस आपली बाजू मांडायला उठत नाही.

आता शोधायची गोष्ट डोळ्यांसमोर आणा. समजा अल्प्राझोलाम, चिंतेवर देतात ती गोळी. एक मिलिलिटर रक्तात ती नॅनोग्रॅममध्ये मोजायची, तीही प्रथिनं, चरबी, फुटलेल्या पेशींच्या गर्दीतून. 1850-51 मध्ये बेल्जियममध्ये रसायनशास्त्रज्ञ झाँ स्टास यांनी एका मृताच्या अवयवांतून ईथरनं निकोटिन वेगळं काढलं आणि खून सिद्ध झाला. द्रावकानं विष ओढून घ्यायची ती रीत आजही चालते. पण तिला द्रावक बराच लागतो, त्याची वाफ होते, आणि नमुनाही खर्च होतो.

इथे आयनिक द्रव येतात. सावकाश समजून घ्या. स्वयंपाकघरातलं मीठ वितळायला 801 अंश सेल्सिअस लागतात, कारण त्याचे आयन एकमेकांना घट्ट बिलगून बसतात. आयन मोठा आणि वेडावाकडा असला की ती रचना नीट जमत नाही, आणि मीठ साध्या तापमानालाच पातळ राहतं; तोच आयनिक द्रव. पॉल वाल्डेन यांनी 1914 मध्ये 12 अंशांना वितळणारं असं मीठ नोंदवलं होतं. काही आयनिक द्रव पाण्यात फारसे मिसळत नाहीत आणि पाण्याहून जड असतात. पातळ केलेल्या रक्तात अशा द्रवाचे काही मायक्रोलिटर घालून ढवळलं, की बारीक थेंब सगळीकडे पसरतात आणि औषध त्यांत ओढलं जातं. मग सेंट्रिफ्यूज फिरवायचा. थेंब तळाशी एकवटतात. सुईनं तेवढाच भाग उचलून द्रव क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रात द्यायचा. बेल्जियममधल्याच ल्युव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांनी शवविच्छेदनाच्या रक्तातून अल्प्राझोलामच्या कुळातली औषधं अशी वेगळी काढली आहेत.

ही रीत अजून मुख्यतः संशोधनातच आहे. वाफ होत नाही म्हणून हे द्रव निरुपद्रवी मानणंही चूक. काही प्रकार पाण्याशी विघटन होऊन हायड्रोफ्लोरिक आम्ल सोडतात.

आणि औषध सापडलं तरी घाईनं निष्कर्ष काढू नका. डॉक्टरांनी दिलेल्या गोळीचाही अंश रक्तात असतोच. किती होता, सोबत दुसरं काय होतं, माणसाला सवय होती का, हे विचारल्याशिवाय आकडा अपुराच.

आता त्या बाटलीत काय शिल्लक आहे ते पाहा. मला या साऱ्या शास्त्रात सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. दादरातला खटला वर गेला तर तो मुंबई उच्च न्यायालयापुढे जातो. सरकारी तज्ज्ञाचा अहवाल कोर्टात पुरावा म्हणून चालतो, आणि आरोपीचा वकील फेरतपासणी मागू शकतो. तोवर देहावर गावी अंत्यसंस्कार झालेले असतात. दुसरा नमुना आणायचा कुठून? पहिल्या चाचणीला एक मिलिलिटर पुरला, तर दुसऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवायला रक्त हातात राहतं.