कुलूप लावलेल्या घराचा प्रश्न



सूरह अन-नूरमध्ये घरातल्या शिष्टाचाराचा एक बारीक नियम आला आहे. फज्रच्या आधी, दुपारच्या विश्रांतीच्या वेळी आणि इशाच्या नमाजनंतर, या तीन वेळी घरातल्या लहान मुलांनीही परवानगी घेतल्याशिवाय मोठ्यांच्या खोलीत जाऊ नये, असा तो नियम. मकतबात आपण तो मुलांना शिकवतो आणि मुले पाठही करतात. परंतु परवानगी मागायची तर आधी दार हवे, हे त्यात गृहीत धरलेले आहे. दहा बाय बाराच्या एका खोलीत आई-वडील, दोन शाळकरी मुले, आजी आणि नुकताच विवाह झालेला थोरला मुलगा व सून राहत असतील, तर धाकट्या मुलाने कोणत्या दारावर थाप मारावी? तेथे नियम मोडणारा कोणीच नसतो. नियम पाळण्याची सोयच त्या कुटुंबापाशी नसते.

हा प्रश्न केवळ धर्मशिक्षकाला पडलेला नाही. बाराव्या पंचवार्षिक योजनेसाठी केंद्र सरकारने प्रा. अमिताभ कुंडू यांच्या अध्यक्षतेखाली एक तांत्रिक गट नेमला होता. २०१२ साली देशाच्या शहरी भागात १ कोटी ८८ लाख घरांची टंचाई असल्याचा अंदाज त्या गटाने मांडला. यात पुलाखाली व पदपथावर राहणारी बेघर कुटुंबे सुमारे ५ लाख ३० हजार होती. जवळपास दीड कोटी कुटुंबांच्या डोक्यावर छप्पर होते, परंतु त्या छपराखाली दाटी होती. दाटी मोजताना गटाने जी कसोटी लावली, तीत विवाहित जोडप्याला स्वतंत्र खोली आहे की नाही, हेही पाहिले गेले. अर्थशास्त्रज्ञांनी आकडेवारीसाठी निवडलेली कसोटी आणि सूरह अन-नूरने घराकडून ठेवलेली अपेक्षा इतक्या जवळ यावी, याचे मला फार नवल वाटते. टंचाईतली ९५ टक्क्यांहून अधिक कुटुंबे आर्थिकदृष्ट्या दुर्बळ व अल्प उत्पन्न गटांतली होती, हेही याच गटाने सांगितले.

आता दुसरा आकडा पाहा. २०११ च्या जनगणनेत शहरांमधली १ कोटी १० लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली. त्यांतली काही मोडकळीस आलेली असतील, काहींचा वारसाहक्काचा वाद चालू असेल, काहींचा ताबा मिळायचा असेल. हे आकडे आता जुनेही झाले आहेत, आणि २०२१ ची जनगणना लांबल्याने त्यांच्या जागी नवे आले नाहीत. तरीही सगळी वजाबाकी करून एक ओशाळवाणी गोष्ट उरतेच. एका खोलीत सात माणसे झोपतात, त्याच शहरात रंग दिलेली, नळ जोडलेली घरे कुलपात असतात.

अशा घराचा मालक आपल्यातलाच असू शकतो. कुवेत, दुबई किंवा दक्षिण आफ्रिकेत वीस वर्षे घाम गाळून त्याने मुंब्र्यात किंवा पनवेलला एक घर राहण्यासाठी आणि दुसरे ‘असू द्यावे’ म्हणून घेतले. तो विचारतो, “घर माझ्या हलाल कमाईचे आहे. ते बंद ठेवले तर गुन्हा कोणता?” हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. शरीअतमध्ये मालकी ही खरीखुरी मालकी आहे. कोणाच्या गरजेचे कारण सांगून दुसऱ्याच्या घरात घुसता येत नाही.

पुष्कळ जण जकातच्या मसअल्यापाशीच थांबतात. राहत्या घरावर जकात नाही. दुसरे घरही विक्रीच्या हेतूने घेतले नसेल, तर त्याच्या किमतीवर जकात लागू होत नाही. भाव वाढल्यावर विकायच्या निश्चित हेतूने घेतले असेल, तर ते व्यापारी माल ठरते आणि दरवर्षी बाजारभावाने जकात द्यावी लागते. त्यामुळे “जकात नाही, म्हणजे हिशोब संपला,” असे म्हटले जाते. परंतु हनफी फिकहनुसार गरजेपलीकडचे घर सदका-ए-फित्र आणि कुर्बानीच्या निसाबमध्ये धरले जाते. (कोकणातले बहुतेक वाचक शाफई आहेत, त्यांनी आपल्या आलिमांकडून तपशील समजून घ्यावा.) म्हणजे जे घर जकातच्या यादीत नाही, त्यालाही फिकह ‘गरजेपेक्षा अधिक’ या नावाने ओळखतेच.

याहून मोठा आधार हजरत उमर (रजि.) यांच्या एका निर्णयात सापडतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बिलाल इब्न हारिस मुझनी (रजि.) यांना अकीकच्या खोऱ्यात विस्तीर्ण जमीन दिली होती. (हे बिलाल वेगळे, अजान देणारे हजरत बिलाल नव्हेत.) ती सगळी त्यांच्याने कसवेना. हजरत उमर (रजि.) यांनी आपल्या खिलाफतीत त्यांना बोलावून समजावले, की जमीन लोकांपासून अडवून ठेवण्यासाठी दिलेली नव्हती, जेवढी कसता येईल तेवढी ठेवावी आणि बाकीची परत करावी. ते नाखूश होते, तरी न कसलेली जमीन परत घेऊन लोकांत वाटली गेली. देणारे स्वतः प्रेषित (स.), घेणारे सहाबी, मालकीत तसूभर शंका नाही, आणि तरीही वापराविना अडवून ठेवणे हा वेगळा प्रश्न मानला गेला. आता ती जमीन देणगी होती आणि तुमचे घर विकत घेतलेले आहे, हा फरक मी विसरत नाही. म्हणून या निर्णयाच्या आधारे तुमचे घर काढून घ्यावे, असे मी मुळीच म्हणत नाही. फिकहच्या दृष्टीला मालकी आणि अडवणूक या दोन गोष्टी निरनिराळ्या दिसतात, एवढेच मला दाखवायचे आहे.

दुसरा धागा इहतिकारचा, म्हणजे साठेबाजीचा. इमाम अबू हनीफा (रह.) यांनी इहतिकारची मनाई खाद्यवस्तूंपुरती मर्यादित ठेवली. त्यांचे शिष्य इमाम अबू यूसुफ (रह.) बगदादचे काझी होते, बाजार आणि महसूल रोज पाहत होते. त्यांचे मत असे, की जी वस्तू अडवल्याने लोकांना इजा पोचते त्या प्रत्येक वस्तूचा साठा इहतिकारच होय. हा विचार घरांना लावावा, असे मला वाटते. यावर उलेमांचे एकमत आहे असा माझा दावा नाही. पण कसोटी इजेची आहे, हे ध्यानात घेतले की बऱ्याच गोष्टी आपोआप निराळ्या होतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यात वाडवडिलांचे कौलारू घर वर्षाचे अकरा महिने बंद असते. त्याने कोणाला इजा होत नाही, कारण तेथे भाड्याने राहायला येणारेच कोणी नाही. मुंब्र्यातल्या चौथ्या मजल्यावरच्या बंद घराचे तसे नाही. त्याच इमारतीत तळमजल्याच्या एका खोलीत सात माणसे आहेत.

मालक कुलूप लावतो ते निव्वळ लोभाने, असे मात्र नाही. त्यामागे एक जुनी भीती आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने जुन्या इमारतींची भाडी १९४० च्या पातळीशी जखडून ठेवली. भाडेकरू वाचला, पण मालकाने डागडुजी सोडली, इमारती कोसळू लागल्या आणि ‘एकदा दिलेले घर परत मिळत नाही’ हे वाक्य आई-बापांनी मुलांना वारशात दिले. २००० साली लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात यावर उपाय आहे. करार लेखी व नोंदणीकृत असेल, तर मुदत संपल्यावर ‘लीव्ह अँड लायसन्स’चे घर परत मिळवण्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि घर न सोडणाऱ्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. भीती जिवंत आहे, तिचे कारण बरेचसे मागे पडले आहे.

सरकारी धोरणालाही याच कसोटीवर घासून पाहावे. २०१५ साली सुरू झालेल्या शहरी प्रधानमंत्री आवास योजनेचा भर मालकीच्या घरावर होता. भाड्याच्या घरांची योजना तिला जोडली गेली ती २०२० मध्ये, स्थलांतरित मजूर पायी गावाकडे निघाल्यानंतर. वास्तविक ज्याला दरमहा थोडे भाडेच देता येते, त्याला कर्जाच्या घराचा काय उपयोग? आणि मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनींचे काय झाले ते आठवा. १९९१ च्या नियमानुसार एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाच्या घरांसाठी आणि एक तृतीयांश मालकासाठी होती. २००१ मध्ये नियमात फेरफार होऊन ही वाटणी फक्त गिरणीच्या आवारातल्या मोकळ्या जमिनीपुरती राहिली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेरफार वैध ठरवला. कायद्याच्या दृष्टीने विषय संपला. शहराच्या मधोमध गरिबांच्या घरांसाठी अशी संधी मात्र पुन्हा येणे नाही.

एक अवघड गोष्ट उरते. आपल्यातल्या अनेकांना केवळ नाव ऐकून घर नाकारले गेले आहे, आणि तो अपमान आपण वर्षानुवर्षे सांगतो. सांगायलाच हवा. पण आपल्याच वस्तीत घर दाखवायला आलेल्या विधवेला “मागे कोण आहे?” असे विचारून परत पाठवणारा, बिहारहून आलेल्या जरीकाम करणाऱ्या चार मुलांना “फॅमिलीच हवी” म्हणणारा, किंवा दुसऱ्या मसलकचा आहे म्हणून अनामत रक्कम परत करणारा घरमालक बहुधा जुम्याला पहिल्या सफेत असतो. मस्जिद-ए-नबवीच्या सुफ्फ्यावर जे राहत, त्यांच्या मागेही बहुधा कोणी नव्हते.

तेव्हा ज्यांच्यापाशी असे एखादे घर आहे, त्यांनी दलालाला किल्ली देण्याआधी आपल्या इमारतीत किंवा मोहल्ल्यात एकाच खोलीत दोन जोडपी राहणारे कुटुंब कोणते, याची चौकशी करावी. भाडे रास्त घ्यावे, घ्यायला काहीच हरकत नाही. करार नोंदवावा, अकरा महिन्यांची मुदत लिहावी आणि मुदतीनंतर वाढ किती, हे आधीच ठरवावे. एवढे केल्यावर त्या घरातले एक मूल कदाचित पहिल्यांदाच दारावर थाप मारून आत येण्याची परवानगी मागेल.