लक्षांशाचे वैषम्य

श्रीगुरुकृपेने गेली चाळीस वर्षे आम्ही खानदेशात कीर्तनसेवा करीत आहोत. श्रोते प्रश्न विचारतात आणि बहुतेकांची उत्तरे पाठ असतात. पण एक उत्तर पाठ असूनही ते कोणाला द्यावे हे कळत नव्हते. त्याची ही हकीकत भाविक वाचकांपुढे ठेवतो.

रावेर तालुक्यातील एका गावी सप्ताह होता. आदल्याच आठवड्यात वादळ होऊन केळीच्या बागा आडव्या झाल्या होत्या. वारे असे फिरले की एकाची बाग साफ झोपली आणि बांधापलीकडची जशीच्या तशी उभी. निरूपणाच्या ओघात आम्ही बोलून गेलो, “ज्याचे त्याचे संचित, बाबांनो!” कीर्तन आटोपल्यावर एक मुलगी पाया पडली. जळगावास कॉलेजात पदार्थविज्ञान शिकणारी. पडलेली बाग तिच्याच वडिलांची. ती म्हणाली, “महाराज, आम्हांला शिकवतात की आकाशातले सगळे तारे आरंभीच्या एका बारीक थरथरीतून झाले. ती कुठे जास्त, कुठे कमी, याला नेमके कारण नाही. ताऱ्यांना कारण लागत नाही, मग आमच्या आबांची बाग पडायला पाप कशाला लागते?”

आम्ही चटकन म्हणालो, “बाळ, ते स्पंदन आपल्या ग्रंथांत पूर्वीच सांगितले आहे.” ती नम्रपणेच म्हणाली, “किती स्पंदन, तेही सांगितले आहे का महाराज? आमच्या पुस्तकात लाखात एक असे मोजून दिले आहे.”

आम्ही निरुत्तर झालो. खरे सांगावयाचे तर लाज वाटली. याच जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी तेथे मठ स्थापन केला, त्याची ती नोंद. ज्या भूमीत गणितासाठी मठ उभा राहिला, तेथे गणित न करता “आमच्या ग्रंथांत आहे” म्हणणे हा भास्कराचार्यांचाच अपमान होय.

पुढे चातुर्मासात धुळ्यास मुक्काम पडला. तेथे एका निवृत्त विज्ञानशिक्षकांकडे आम्ही रोज दुपारी जाऊन बसू लागलो. साठी उलटल्यावर पुन्हा विद्यार्थी झालो म्हणा ना! त्यांच्याकडून जे समजले ते थोडक्यात असे.

१९६४ साली अमेरिकेत पेंझियस व विल्सन या दोघांच्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनात सर्व दिशांनी सारखीच खरखर येऊ लागली. आत कबुतरांनी केलेली घाण काढली, तरी ती थांबेना. ती विश्वाच्या बाल्यातील उष्णतेची शिल्लक निघाली. विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे. ते अवघे ३ लाख ८० हजार वर्षांचे असताना हा प्रकाश मोकळा झाला, आणि निवत निवत आज निरपेक्ष शून्याच्या वर पावणेतीन अंशांच्या आसपास आला आहे. तो अगदी एकसारखा मात्र नाही. १९९२ साली ‘कोबे’ उपग्रहाच्या मोजणीतून त्यात लाखात एक भाग इतका फरक दिसला. जेथे द्रव्य किंचित दाट, तेथे गुरुत्वाकर्षणाने आणखी ओढले गेले. वारीच्या वाटेवर झाडाखाली चार माणसे अभंग म्हणत थांबली की पाहता पाहता तेथे शंभर जमतात, तसे. त्या दाटीतूनच दीर्घिका झाल्या, तारे झाले, पृथ्वी झाली, तापीमाई झाली.

पण मुळात ते किंचित दाट का? येथे इन्फ्लेशनचा सिद्धांत येतो. बाजारात महागाईलाही हाच शब्द आहे. आपण फुगवटा म्हणू. १९८०-८१ च्या सुमारास रशियात स्टारोबिन्स्की आणि अमेरिकेत गुथ यांनी तो मांडला. विश्व आरंभीच्या कल्पनातीत अल्प क्षणात निदान एकावर सव्वीस शून्ये इतक्या पटींनी ताणले गेले, असा तो पक्ष. आता हायझेनबर्ग यांनी १९२७ साली दाखविले होते की कणाचे स्थान आणि त्याचा संवेग, म्हणजे वस्तुमान व वेग यांचा गुणाकार, ही दोन्ही एकाच वेळी पूर्ण निश्चित नसतात. म्हणून निखळ स्तब्धता निसर्गात नाही. रिकाम्या अवकाशातही थरथर उरतेच. १९८१ साली मुखानोव्ह व चिबिसोव्ह यांनी गणित केले की हीच थरथर ताणली जाऊन दीर्घिकांचे बीज होऊ शकते.

आम्हांस हे समजेना. तेव्हा गुरुजींच्या घरच्या माउलीने खापरावरचे मांडे करून दाखविले. पुरणात एखादी न वाटली गेलेली कणी राहिली, तर उंड्यात ती दिसत नाही. मांडा हातावर फिरवून परातीएवढा झाला की त्या कणीची जागा डोळ्यांत भरते. कणी कोठे येईल ते सुगरणीला सांगता येत नाही; पण वाटणे कसे झाले यावरून कण्या साधारण किती येतील हे सांगता येते. फुगवट्याचे तसेच आहे. कोणता तारा कोठे, हे तो सांगत नाही. लहान-मोठ्या दाटीचे प्रमाण सांगतो. मोठ्या पल्ल्यावरची थरथर किंचित बलवान असावी असे त्याच्या साध्या रूपांचे गणित होते, आणि ‘प्लँक’ उपग्रहाच्या २०१३ सालच्या निष्कर्षांत तसेच आढळले.

तरीही हा शेवटचा शब्द नव्हे. आपल्याच महाराष्ट्रातले उदाहरण घ्या. कोल्हापुरास जन्मलेले जयंतराव नारळीकर हे पुण्याच्या आयुका संस्थेचे संस्थापक संचालक. महास्फोटाची कल्पना त्यांनी २०२५ साली देह ठेवीपर्यंत मान्य केली नाही. आणि त्याच संस्थेत त्यांचे सहकारी थाणू पद्मनाभन विश्वातील रचना कशी घडली यावर ग्रंथ लिहीत होते. दोघांनी मिळून १९९१ साली याच फुगवट्यावर, खगोलशास्त्रज्ञांसाठी, एक परीक्षणलेख लिहिला. पूर्वपक्ष सन्मानाने मांडावा ही आमच्या पाठशाळेची शिकवण; ती आम्हांस येथे दिसली. दुसरे उदाहरण मार्च २०१४ चे. दक्षिण ध्रुवावरच्या दुर्बिणीत फुगवट्याच्या गुरुत्वलहरींची खूण मिळाली, असा डंका वाजला. २०१५ च्या आरंभी ‘प्लँक’च्या मंडळींबरोबर पुन्हा तपासले, तो ती खूण मुख्यतः आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीची! त्यांनी तसे जगाला सांगून टाकले. सज्जनहो, व्यासपीठावरून बोललेले मागे घेणारे आम्हां कीर्तनकारांत किती निघतील?

आता मूळ प्रश्न. वेदांताच्या अभ्यासकांस ब्रह्मसूत्रांतील वैषम्य-नैर्घृण्याचा विचार ठाऊक आहे. जगात एक सुखी, एक दुःखी. मग ईश्वर पक्षपाती आणि निर्दय म्हणावा काय? आचार्यांचे उत्तर असे की ईश्वर पर्जन्यासारखा सर्वांवर सारखाच. भेद बीजाचा, म्हणजे कर्माचा. हे उत्तर आम्ही पाठ केले, शेकडो वेळा सांगितले. पण ते कशासाठी दिले होते? ईश्वरावरचा निर्दयतेचा आरोप पुसण्यासाठी. आणि आम्ही ते वापरले स्वतःची निर्दयता झाकण्यासाठी. बाग पडलेल्या माणसापुढे “संचित” म्हटले की आपल्याला काही करावे लागत नाही. शब्द शास्त्राचा, आळस आपला.

येथे दोन सावधगिरी पाळावयास हव्यात. त्या थरथरीने कर्मसिद्धांत खोडला जात नाही आणि सिद्धही होत नाही. तो पदार्थविज्ञानाचा प्रांतच नव्हे. श्वेताश्वतर उपनिषदाच्या आरंभी जगाच्या कारणाचा विचार करताना यदृच्छेचेही नाव घेतले आहे. तो पक्ष शेवटी स्वीकारला नाही, पण ऋषींनी तो ऐकून घेतला. दुसरे असे की आकाशात लक्षांशाचे वैषम्य नसते तर तारे झाले नसते, म्हणून समाजातली विषमताही बरी, असे कोणी म्हणू लागेल. ते चूक. द्रव्याची दाटी ही नीती नव्हे. ताऱ्याला भूक लागत नाही, माणसाला लागते.

मग त्या मुलीला उत्तर काय? वादळाला कारण होतेच. उष्णता आणि हवेचा दाब यांतून ते उठले. पण कारण असणे वेगळे आणि अपराध असणे वेगळे. कावळा बसायला आणि ताडाचे फळ पडायला एक गाठ पडली, म्हणून फळ पापी होत नाही. कर्माचा विचार ज्याने त्याने स्वतःपुरता करावा, अंतर्मुख होण्यासाठी. दुसऱ्याच्या दुःखाला तो लावला की त्याचे विष होते.

दुसऱ्या वर्षी त्याच गावी सप्ताहाला गेलो. पहिल्याच दिवशी वीणा गळ्यात असताना सांगितले, “गेल्या वर्षी आम्ही संचिताचे बोललो ते चुकलो. बाग वाऱ्याने पडली. ज्यांच्या बागा उभ्या राहिल्या त्यांनी कंद द्यावेत, आमची बिदागी त्यात धरावी.” सभा गप्प झाली. मग मागून एक म्हातारा म्हणाला, “कंद तर केव्हाच दिले महाराज. तुम्ही निघालात त्याच आठवड्यात.”

गावाला जे न शिकता कळले, ते आम्हांस वर्षभर शिकून कळले. असो. रामकृष्णहरी.