नोकरी का सुटली?

येथे इंदुरात परवा उपासनेनंतर रविवारच्या शाळेचे एक शिक्षक आमच्यापाशी थांबले. नोकरी गेलेली, मंगळवारी नव्या ठिकाणी मुलाखत. "मागची का सुटली विचारले तर काय सांगू? मुलांना मी नववी आज्ञा शिकवतो."

१९९१ च्या डिसेंबरात हुकुमचंद मिल बंद पडली, तेव्हा कामगारांना लपविण्यासारखे काही नव्हते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानेही कपात वेगळी, शिक्षा म्हणून बडतर्फी वेगळी मानली. या बंधूंना मात्र हिशेबातील हलगर्जीपणाबद्दल काढले होते. 'प्रकृतीमुळे सोडली म्हणा,' असा घरचा सल्ला.

लूक १६ मधल्या कारभाऱ्याची हुशारी आम्हाला नेहमीच अवघड वाटत आली आहे. पण आपल्याला खणवत नाही, हे त्याने स्वतःपासून तरी लपविले नाही.

न विचारलेले सारे सांगावे असे नाही; मुलाखत म्हणजे पापांगीकार नव्हे. पण विचारल्यावर खोटे सांगितले, तर विश्वास ठेवावा की नाही हे ठरविण्याचा समोरच्याचा हक्कच आपण हिरावतो. चूक सांगावी, ती पुन्हा होऊ नये म्हणून काय केले तेही सांगावे. जुन्या साहेबांना दोष देऊ नये.

"आणि नोकरी नाही मिळाली तर?" बंधूंनी विचारले. आमच्यापाशी उत्तर नव्हते. मंगळवारी सकाळी आम्ही त्यांच्याबरोबर बसपर्यंत गेलो.